आडत्याशिवाय माल विकायचा? एका रॉक बँडकडून शिका

आजच्या व्हिडिओतला मुद्दा इथे हिशेबासकट मांडतो.

आपल्या तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये आडत्या काय करतो? माल उतरवून घेतो, गिऱ्हाईक शोधतो, पैसे वसूल करतो आणि आपली आडत घेतो. संगीताच्या धंद्यात हेच काम रेकॉर्ड कंपनी करते. आल्बमला पैसे लावते, जाहिरात करते, बाजारात पोचवते. बदल्यात विक्रीतला मोठा वाटा घेते आणि बऱ्याचदा रेकॉर्डिंगचे हक्कही.

आता केस बघा. डेमोनिक रिझरेक्शन हा मुंबईचा मेटल बँड, सुरुवात 2000 साली. गायक-गिटारिस्ट साहिल मखिजाने डेमनस्टीलर रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल काढलं. 2005 चा 'अ डार्कनेस डिसेंड्स' त्याच लेबलवर आला. 2010 च्या 'द रिटर्न टू डार्कनेस'साठी ब्रिटनची कँडललाइट रेकॉर्ड्स कंपनी मिळाली. आणि 2017 चा 'दशावतार' पुन्हा स्वतःच काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी.

यातून आपण काय घ्यायचं? नवीन बाजारात शिरायचंय, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तर मध्यस्थ घ्या. गिऱ्हाईक नाव विचारत यायला लागलं की थेट विका.

पण आधी हिशेब. समजा रेकॉर्डिंग, मिक्सिंग, डिझाइन मिळून खर्च 1,80,000 रुपये. सीडी 400 ला विकली. छपाई, पॅकिंग, कुरिअरचे 150 गेले, हातात राहिले 250. 1,80,000 भागिले 250, म्हणजे 720. पहिल्या 720 सीडी फक्त खर्च भरून काढणार, नफा 721 व्या सीडीपासून. फॉलोअर दहा हजार असतील हो, पण खिशात हात घालणारे 720 आहेत का?

आणि थेट विक्रीही फुकट नसते. बँडकॅम्पसारखी वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के, टी-शर्ट-सीडीवर 10 टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा. ते धरलं तर 720 चा आकडा आणखी वाढतो. शिवाय आडत्याची सगळी कामं तुमच्या अंगावर: पॅकिंग, बिलं, परत आलेला माल, रात्री अकराला येणारा 'पार्सल कुठे आहे?' हा मेसेज.

गृहपाठ: तुमच्या मसाल्याचा, लोणच्याचा, कपड्यांचा '720' किती येतो ते वहीत काढा. मग गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे दुसऱ्यांदा आलेली गिऱ्हाइकं मोजा. दोन आकड्यांत फार अंतर असेल, तर डिस्ट्रिब्युटरशी इतक्यात भांडू नका. मात्र काहीही झालं तरी ब्रँडचं नाव स्वतःच्याच नावावर रजिस्टर करा. माल पुन्हा बनवता येतो, हातातून गेलेलं नाव परत मिळवणं अवघड.

भेटू पुढच्या व्हिडिओत!