स्विचच्या विजेचा हिशेब : दुकानदारांसाठी एक पाठ

पूर्वी कापडाच्या दुकानात गादी, गज, कात्री आणि चोपडी एवढे असले की धंदा चाले. आज गांधीबाग-इतवारीतील ठोक दुकान असो की मोमिनपुऱ्यातील कारखाना, बिलाचा संगणक, कॅमेरे आणि वाय-फाय आलेच. या सर्वांच्या वायरी ज्या पेटीत येतात ती नेटवर्क स्विच. मेकॅनिक ती लावून जातो आणि आपण तिच्याकडे पाहतही नाही. मग एके रात्री नेमका गोदामाच्या दाराचा कॅमेरा बंद पडतो. गोदामात दुसऱ्याचा मालही असतो. तो आपल्याकडे अमानत आहे. म्हणून या पेटीचा हिशेब व्यापारी बंधूंनी स्वतः समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

एकाच वायरमधून वीज

'पीओई' स्विच लॅनच्या वायरमधूनच उपकरणाला वीज देतो. २००३ च्या 'एएफ' मानकाप्रमाणे एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात. वायरमधील घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी असते. २००९ च्या 'एटी' मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. मानकाचा स्विच आधी उपकरणाला वीज हवी का ते तपासतो, मगच देतो. म्हणून संगणकाची वायर चुकून तेथे लावली तरी बिघडत नाही. न तपासता सतत वीज सोडणाऱ्या स्वस्त पेट्यांपासून मात्र दूर राहावे.

आधी बेरीज, मग खरेदी

पेटीला ८ पोर्ट आहेत म्हणून ८ उपकरणे चालतीलच असे नाही. पेटीची एकूण वीज, म्हणजे तिचे भांडवल, लेबलवर लिहिलेले असते. समजा ते ६० वॅट आहे. रात्री ७ वॅट घेणारे ४ कॅमेरे म्हणजे २८, १३ वॅटची २ वाय-फाय यंत्रे म्हणजे २६ आणि ४ वॅटचा १ फोन, बेरीज ५८. हे फार ताणलेले झाले. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावा, म्हणजे ४८ वॅटच्या वर जाऊ नये.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, अंधार पडताच कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात व खप वाढतो. म्हणून बेरीज रात्रीच्या आकड्याने करावी. दुसरी, काही स्विच प्रत्यक्ष खप न पाहता उपकरणाच्या वर्गानुसार वीज राखून ठेवतात. वर्ग ३ च्या प्रत्येक कॅमेऱ्यासाठी १५.४ वॅट राखले, तर चौघांचे ६१.६ होतात आणि चौथा कॅमेरा लागतच नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये प्रत्यक्ष खपाची पद्धत निवडावी किंवा पोर्टची मर्यादा स्वतः ठरवावी.

मांडणी कशी करावी

१) 'मॅनेज्ड' स्विचचे पान संगणकावर उघडून कारखान्याचा पासवर्ड प्रथम बदलावा.

२) प्रत्येक पोर्टला नाव द्यावे : गल्ला, गोदाम दार, जिना.

३) प्राधान्य ठरवावे. वीज कमी पडली की स्विच आधी 'लो' पोर्ट तोडतो. गोदामाचे दार 'क्रिटिकल', ग्राहकांचे वाय-फाय 'लो'.

४) 'व्हीलॅन' करून बिलाचा संगणक एकीकडे, कॅमेरे व रेकॉर्डर दुसरीकडे ठेवावेत. दोन्हींना इंटरनेट हवे असेल तर राऊटरलाही व्हीलॅनची सोय असावी लागते. ज्या पोर्टवरून आपण काम करीत आहोत तो शेवटी बदलावा, नाहीतर आपणच बाहेर राहतो.

५) शेवटी 'सेव्ह' करावे. अनेक स्विचमध्ये सेव्ह न केलेली मांडणी वीज जाताच पुसली जाते.

अडकलेला कॅमेरा पुन्हा सुरू करण्यासाठी शिडी नको. त्या पोर्टची वीज स्विचमधून बंद करून पुन्हा चालू करावी. दुकान बंद असताना वाय-फायची वीज वेळापत्रकाने बंद ठेवता येते. तेवढा इसराफ टळतो.

वायर, ऊन आणि बॅटरी

वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर अधिक तापते, आणि आपल्या दुकानात कापडाचे गठ्ठे असतात. स्विच ते उपकरण अंतर १०० मीटरच्या आत असावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पुष्कळ स्विच ४० अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात. पेटी टिनाच्या छताखाली किंवा गठ्ठ्यांमागे कोंबू नये. स्विच, राऊटर व रेकॉर्डर तिन्ही यूपीएसवर हवेत. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची असते. ६० वॅटच्या भारावर तिचा तासभरही भरवसा धरू नये.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आता ते लिखाण संगणकात आहे. ते जपणे हीदेखील आपलीच जबाबदारी. तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी प्रत्येक पोर्टचे नाव, वॅट आणि प्राधान्य एका कागदावर लिहून तो पेटीशेजारी चिकटवावा. पुढचा कॅमेरा विकत घेण्यापूर्वी तो कागद पाहावा.