दहावीनंतरची वाट कोणी ठरवावी?



दहावीचा निकाल लागला की चार दिवस वस्तीत पेढे वाटले जातात आणि पाचव्या दिवशी घोळ सुरू होतो. "मित्राने सायन्स घेतले, म्हणून हाही घेतो म्हणतो." "कॉलेज जवळ आहे, आर्ट्‌सला नाव घालून टाकू." "पोरीचे आता पुरे झाले, स्थळ बघू." जळगाव-धुळ्याकडच्या किती घरांत मुलांच्या आयुष्याचा निर्णय अशा एका वाक्यात होतो, याचा तुम्हीच विचार करा.

आपल्या आजा-पणज्यांना हा प्रश्नच पडला नाही. त्यांचा धंदा जन्माआधीच ठरलेला होता. गावकी, सांगावा, मेलेले ढोर ओढणे, आणि त्या बदल्यात बलुते. ही वतनाची बेडी तुटावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द करण्यास १९५८ साल उजाडले. म्हणजे स्वतःचा धंदा स्वतः निवडण्याचा अधिकार आपल्या अनेक घरांत जेमतेम दोन-तीन पिढ्यांचा आहे. इतक्या कष्टाने मिळालेला अधिकार शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा मुलाच्या मित्रावर सोडून द्यावयाचा काय? जन्माने धंदा ठरविणे जितके चूक, तितकेच विचार न करता तो ठरविणेही चूक.

१. आईबापांचे कर्तव्य

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. अपत्याला वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्या मार्गाला लावावे, त्याला शिल्प शिकवावे, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करावा. शिल्प म्हणजे ज्यावर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो ती विद्या, ते कसब. क्रम ध्यानात घ्या. शिल्प तिसरे आहे आणि विवाह चौथा. ज्या घरी मुलीचे स्थळ आधी आणि शिक्षण जमल्यास पाहू असे चालते, त्या घराने हा क्रम उलटा केला आहे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे तर कायद्यानेही गुन्हा आहे.

२. वाटा तीन, आणि तिन्ही सरळ

दहावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत. पहिली अकरावी-बारावीची. कला, वाणिज्य अथवा विज्ञान. विज्ञान घेताना गणित सोडले तर इंजिनिअरिंगचे दार बंद होते, आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीचे. म्हणून विषय निवडण्याआधी पुढचे शिक्षण विचारून घ्या. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची, म्हणजे तीन वर्षांच्या डिप्लोमाची. जळगावला आणि धुळ्याला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. तिसरी वाट आय.टी.आय.ची. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे ट्रेड, तर वेल्डर एक वर्षाचा.

आपल्या समाजात एक समज घट्ट बसला आहे की, हुशार मुलाने कॉलेजात जावे आणि ज्याला कमी मार्क त्याने आय.टी.आय. करावे. हाताने काम करणारा खालचा आणि लेखणी धरणारा वरचा, ही शिकवण कोणाची? ज्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो तिचीच. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागताना त्यांनी भर दिला तो विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर. स्वतः कायद्याचे पंडित असूनही समाजाला यंत्रविद्येची गरज आहे हे त्यांनी ओळखले होते.

३. वाटेला पुढे दार आहे का?

कोणतीही वाट धरण्याआधी एकच प्रश्न विचारा. ही वाट जिथे संपते तिथून पुढे जाता येते काय?

समजा, पाचोऱ्याकडच्या एका मुलाला बेताचे मार्क पडले, पण मोटारपंप उघडून दुरुस्त करण्यात त्याचे मन रमते. तो सोळाव्या वर्षी आय.टी.आय.ला गेला, तर अठराव्या वर्षी त्याच्या हातात ट्रेडचे प्रमाणपत्र असते. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. मिळाला तर विसाव्या वर्षी तो डिप्लोमाधारक होतो. त्यालाही पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे तेविसाव्या वर्षी तो इंजिनिअर. बारावी करून गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होतो. फरक एका वर्षाचा. पण पहिल्याच्या हाती मधल्या दोन ठिकाणी पोटापुरते कमावता येईल असा कागद असतो. घरची मजुरी थांबली तर तो थांबून कमावू शकतो आणि पुन्हा शिकू शकतो. मात्र हे प्रवेश गुणांवर होतात, म्हणून आय.टी.आय.तही अभ्यास सोडून चालत नाही.

याउलट, गर्दी पाहून वाट धरू नका. एके काळी गावोगाव डी.एड.चे पेव फुटले. जागा थोड्या आणि शिक्षक फार, अशी अवस्था झाली. कित्येक घरांनी शेतीचा तुकडा विकून घेतलेले ते प्रमाणपत्र पेटीत पडून राहिले.

आता दूर जाण्याचे कारणही कमी झाले आहे. पूर्वी खानदेशच्या मुलाची परीक्षा पुणे विद्यापीठाची असे. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले. ते आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने आहे. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, जळगावला २०१८ पासून.

४. जागा मार्कांनी नव्हे, कागदाने जाते

नव्याने दीक्षा घेतलेली पुष्कळ कुटुंबे विचारतात, "बौद्ध झालो, आता मुलांच्या सवलती जातील काय?" उत्तर स्पष्ट आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही त्या जातीचे हक्क मिळाले. महाराष्ट्राने ते आधीच दिले होते. मात्र हा हक्क मूळ जातीवरून मिळतो. दुसऱ्या प्रवर्गातून धम्मात आलेल्या कुटुंबाने आपल्या मूळ प्रवर्गाचीच चौकशी करावी.

म्हणून जातीचे प्रमाणपत्र मूल नववीत असतानाच काढून ठेवा. पुढे इंजिनिअरिंग, वैद्यकी अशा पदवीच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला असेल तर त्याच्या शाळेचा दाखला शोधा. गेला नसेल तर तहसिलीत कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागा, जुने जमिनीचे उतारे पाहा. ज्यांच्या घरी महारकी वतन होते त्यांना वतनाची नोंदही उपयोगी पडते. ज्या कागदाने आजाला गावकीला बांधले, तोच आज नातवाला कॉलेजचे दार उघडून देतो. हे कागद निकालानंतर आठ दिवसांत मिळत नाहीत.

५. पैशाची तजवीज

पैसा नाही म्हणून शिक्षण बंद, असे एकदम ठरवू नका. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न अधिक असल्यास फ्रीशिपची चौकशी करा. समाजकल्याणची मुलामुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीही आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे, आधारला जोडलेले बँक खाते हवे. दर वर्षी अर्ज नव्याने पाहावा लागतो, तारीख चुकली की वर्ष जाते.

भुसावळच्या रेल्वेत आणि इतर कारखान्यांत आय.टी.आय. झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी मिळते. तीत विद्यावेतन आणि अनुभव मिळतो, कायम नोकरीची हमी मात्र मिळत नाही. "पैसे भरा, चिकटवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका.

आणि मूल नापास झाले तर? तेही घरातलेच आहे. फेरपरीक्षा त्याच वर्षी होते. तेवढे दोन महिने त्याला टोमणे मारू नका, मजुरीला जुंपू नका, अभ्यासाला बसवा.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांना १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा समाजातून त्यांना वाट दाखविणारे फारसे कोणी नव्हते. आज प्रत्येक तालुक्यात आपली शिकलेली माणसे आहेत. कोणी वायरमन, कोणी नर्स, कोणी प्राध्यापक. वाट कोणी ठरवावी, याचे उत्तर हेच की, ती मुलाने अथवा मुलीने ठरवावी, आईबापांनी सोबत बसून, आणि माहीतगारांना विचारून. निकालाआधी एका रविवारी विहारात या माणसांना बोलवा आणि दहावीची सर्व मुले, विशेषतः मुली, त्यांच्यापुढे बसवा.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१) तुमच्या घरी १९५० पूर्वीचा कोणता कागद आहे? नसल्यास तो कोठे मिळेल?
२) तुमच्या मुलाचे किंवा मुलीचे मन कोणत्या कामात रमते? हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे काय?
३) निवडलेल्या वाटेवर दोन वर्षांनी हाती काय येईल, आणि तेथून पुढे कोठे जाता येईल?
४) सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्यांपैकी तुमच्या घरी कोणते मागे राहिले आहे?

जयभीम!