दर वर्षी एक लहान झगा

वाचन: १ शमुवेल २:११-२१ आणि २६



काल आपण हन्नेचं गीत पाहिलं. मंडळीत बहुतेक प्रवचनं त्या गीतापाशी थांबतात आणि पुढच्या वेळी थेट तिसऱ्या अध्यायात, रात्रीच्या त्या हाकेवर जातात. मधलं एकोणिसावं वचन निसटून जातं. त्यात एवढंच आहे, की शमुवेलाची आई दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवायची आणि वार्षिक यज्ञाला नवऱ्याबरोबर शिलोला जाताना तो घेऊन जायची.

मी या वचनापाशी अडकतो, कारण मी तिसरीत होस्टेलला होतो.

थंड हवेच्या ठिकाणची एक आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती शाळा. आई-पप्पा विदर्भातल्या एका मिशन दवाखान्यात काम करायचे. आमच्या तिसरीच्या वर्गात भिंतभर जगाचा नकाशा होता आणि प्रत्येकाच्या गावावर टाचणी टोचून तिथून शाळेपर्यंत लोकरीचा धागा ओढलेला होता. सेऊल, काठमांडू, दिमापूर. आमचं गाव नकाशावर नव्हतंच, म्हणून मिसनी नागपूरच्या जरा खाली अंदाजाने टाचणी टोचली. सकाळी गालिच्यावर गोल बसून पाठांतराचं वचन म्हणायचं, मग गणित. पाढे इंग्रजीतून म्हणायचे असत. मी मनातल्या मनात सात चोक अठ्ठावीस म्हणून घ्यायचो आणि मग मोठ्याने ट्वेंटी एट. (अजूनही तसंच करतो. कोड लिहिताना हिशोब मराठीतच होतो.)

रविवारी जेवणाआधी घरी पत्र लिहायचं, आणि ते मिस स्पेलिंगसाठी तपासायच्या. त्यामुळे सगळ्यांच्या पत्रात हवा छान असायची आणि फुटबॉलमध्ये आपलीच टीम जिंकलेली असायची. रात्री उशीत तोंड खुपसून रडलो हे कोण लिहिणार? माझं मात्र बरं होतं. मिसना मराठी येत नव्हतं, म्हणून मी सगळं लिहायचो. आईचं उत्तर यायचं त्यात उपदेश जवळजवळ नसायचा. ती विचारायची, स्वेटरच्या बाह्या आखूड झाल्या का? खांद्यापासून मनगटापर्यंत धागा मोजून पाकिटात घालून पाठव. माझा कोरियन मित्र धाग्याचं एक टोक धरायचा आणि मी दुसरं.

हन्नेकडे टपाल नव्हतं. या वयाचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, पण कधी कमी, कधी जास्त. शेवटचं माप गेल्या वर्षीचं. म्हणजे तिला रामा इथे बसून, न दिसणाऱ्या मुलाची उंची मनात धरून कापड कापावं लागलं असेल. आमच्या कामात याला एस्टिमेट म्हणतात, आणि ते नेहमी चुकतं! ती वर्षभर त्या मुलाचा विचार करत राहिल्याशिवाय हा झगा शिवला जाणं शक्य नाही.

आता हा झगा कुठे येतो ते पाहा. बारा ते सतरा या वचनांत एलीचे मुलगे आहेत. यज्ञाच्या भांड्यात त्रिशूळ खुपसून मांस काढणारे, जबरदस्ती करणारे. मग शमुवेल आणि झगा. बाविसाव्या वचनापासून पुन्हा तेच मुलगे, आता दर्शनमंडपाच्या दारात सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करणारे. सव्विसाव्यात पुन्हा शमुवेल, वाढत असलेला. लेखकाने मुद्दाम आलटूनपालटून मांडलंय. हन्नेने मुलाला ठेवलं ती जागा पवित्र होती, पण तिथली माणसं सगळी तशी नव्हती. 'देवाच्या घरी ठेवलंय, आता काळजी नाही' असं आपण सहज म्हणतो. हा अध्याय तसं म्हणू देत नाही. देवाला दिलेल्या मुलाचं मापही आई घेतच राहिली.

झग्यासाठी इथे हिब्रूत 'मेईल' हा शब्द आहे. पंधराव्या अध्यायात शौल शमुवेलाच्या ज्या झग्याचा काठ धरतो आणि तो फाटतो, तोही मेईल. अठ्ठाविसाव्या अध्यायात एन-दोरच्या बाईला म्हातारा वर येताना दिसतो, तो मेईल पांघरलेला आहे, आणि तेवढ्यावरून शौल त्याला ओळखतो. कापड अर्थातच आईचं नाही. पण लहानपणापासून अंगावर तेच वस्त्र.

अशा शाळांचं आपल्या मराठी मंडळीशी जुनं नातं आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली, १८३१ मध्ये अहमदनगरला. त्या काळात मिशनरी आपली मुलं शिक्षणासाठी समुद्रापार पाठवत, आणि मग वर्षानुवर्षं भेट नसे. १९०१ मध्ये कोडाईकनालला, साधारण २,१०० मीटर उंचीवर, अमेरिकन मिशनरींच्या मुलांसाठी शाळा निघाली, तीच आजची कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल. नगरकडची मिशनरी मुलंही तिथे शिकली. उन्हाळ्यात आया डोंगरावर येत, काही आठवडे मुलं त्यांच्याजवळ राहत. वर्षांचं अंतर महिन्यांवर आलं, एवढाच काय तो फरक. मला तो फार मोठा वाटतो.

हे सगळं आज लिहितोय कारण आमची लेक यंदा तिसरीत आहे, आणि माझ्याच जुन्या शाळेचा प्रवेश अर्ज दोन आठवडे टेबलावर पडून आहे. शाळा चांगली आहे, हे मी हिला मनापासून सांगतो. मला तिथे वचन मिळालं, मित्र मिळाले. ही म्हणते, "तुम्हाला तिथे काय मिळालं ते कळलं. आईंना काय वाटायचं ते कधी विचारलंत?" परवा आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ते धागे अजून आहेत माझ्या पेटीत." पाठवा असंही म्हणाली नाही, पाठवू नका असंही नाही.

प्रार्थना: प्रभू, आज रात्री जी लेकरं होस्टेलच्या कॉटवर जागी आहेत त्यांच्याजवळ राहा. त्यांच्या डॉर्ममधल्या आंटी-अंकलना प्रामाणिक ठेव. आणि आम्हा दोघांना या अर्जाविषयी एकमत दे. आमेन.

उद्याचं वाचन: १ शमुवेल २:२२-३६