इथेनॉलपासून हायड्रोजन : उत्प्रेरक निकामी का होतो ?

उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार होते, हे महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात सर्वश्रुत आहे. या इथेनॉलपासून हायड्रोजनही मिळविता येतो. इथेनॉल व पाणी यांची वाफ सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानास निकेल किंवा कोबाल्टसारख्या उत्प्रेरकावरून नेली, की हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. क्रिया पूर्ण झाल्यास ४६ ग्रॅम इथेनॉलपासून १२ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. त्यातील निम्मा पाण्यातून येतो.

उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता क्रियेचा वेग वाढवितो, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. मग तो कालांतराने निकामी का व्हावा ? याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. क्रिया घडते ती धातूच्या सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर. तो झाकला गेला किंवा घटला, की धातू शिल्लक असूनही काम मंदावते.

पहिले कारण कार्बनचा थर. धातुकणांना आधार देणारे अ‍ॅल्युमिना आम्लधर्मी असते. त्यावर इथेनॉलमधील पाणी निघून इथिलीन बनते आणि इथिलीनपासून कार्बन साचतो. निकेलवर तर कार्बनचे तंतू वाढून कणांना आधारापासून उचलतात. दुसरे कारण उष्णता. निकेल १४५५ अंशांना वितळते. तथापि सुमारे ५९० अंशांपासूनच त्याचे अणू लक्षणीय प्रमाणात हलू लागतात. लहान कण एकत्र येऊन मोठे होतात व एकूण पृष्ठभाग घटतो. तिसरे कारण गंधक. त्याचा अल्प अंशही निकेलला घट्ट चिकटून बसतो. शिवाय पाण्याच्या वाफेने कोबाल्टचे ऑक्साइड होऊ शकते.

यावर उपाय आहेत. परंतु प्रत्येकाचे मोल द्यावे लागते. जादा वाफ दिल्यास कार्बन कमी साचतो, मात्र इंधन अधिक लागते. हवा सोडून कार्बन जाळता येतो, पण त्या उष्णतेनेच कण पुन्हा जुळू लागतात. मॅग्नेशियम किंवा पोटॅशियमची संयुगे मिसळून आधाराची आम्लता कमी करता येते. सेरियम ऑक्साइडचा आधार स्वतःतील ऑक्सिजन देऊन कार्बन काढून टाकण्यास मदत करतो. ऱ्होडियम कार्य उत्तम करते, पण ते अत्यंत महाग आहे.

म्हणूनच अशा प्रकल्पाचा विचार करताना पहिल्या दिवशी किती हायड्रोजन मिळाला, एवढेच पाहून भागणार नाही. हजार तासांनंतर किती मिळतो व उत्प्रेरक किती वेळा बदलावा लागतो, यावरच त्या हायड्रोजनची खरी किंमत ठरेल.