निगमचे बजेट आणि घरचा नळ



पुस्तकात ज्याला ‘स्थानीय शासन’ म्हणतात, ते आपल्याकडे उज्जैन नगर पालिक निगम. वॉर्ड 54 आणि प्रत्येकाचा एक पार्षद (पुण्या-मुंबईचे पाहुणे त्यांना नगरसेवक म्हणतात). 2022 मध्ये महापौरांनाही आपण थेट मत देऊन निवडले. महापौर परिषद बजेट तयार करते, पार्षदांच्या सभेत ते मंजूर होते. संपत्तीकर, जलकर यांची चर्चाही तिथेच.

2028 च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, घाट बांधले जात आहेत. यातला मोठा पैसा राज्य शासनाचा. मेळा संपला की बरीचशी देखभाल मात्र निगमकडे, म्हणजे आपल्या करातून. गंभीर धरण 1992 च्या सिंहस्थासाठी बांधले. शहर आजही मुख्यतः तेच पाणी पिते, आणि पाऊस कमी झाला की नळ एक दिवसाआड येतो. म्हणून नव्या कामांचे कौतुक जरूर करावे, पण 2029 मध्ये हे कोण सांभाळणार, हेही विचारावे असे आम्हांस वाटते.

आठवी-नववीच्या मुलांनी घरची जलकराची पावती पाहावी, वहीत वॉर्ड क्रमांक लिहावा आणि वॉर्डातल्या एका कामाविषयी प्रश्न लिहून आणावा. बजेटच्या सभेआधी ते प्रश्न आम्ही त्या त्या पार्षदांकडे पाठवू.