गारगोटीतील पुंज आणि लेसरचा किरण

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वसलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा पाषाण बनला. त्यातील पोकळ्यांमध्ये झिरपत्या पाण्यातील द्रव्ये साचत गेली व त्यांचे स्फटिक झाले. दख्खनच्या पठारावर विहिरी खोदताना ठिकठिकाणी जी पांढरी, चकाकणारी गारगोटी निघते, ती याच घडामोडीतून आलेली होय. मुले ती खेळावयास नेतात, मोठी माणसे बांधावर टाकून देतात. विज्ञानाच्या शिक्षकास मात्र तिच्यात एक अख्खा धडा सापडू शकतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत रामन परिणाम म्हणजे समुद्राच्या निळेपणाचे कारण, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. समुद्राच्या निळाईचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सागरप्रवासानंतर केला. तेथे पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, पण विखुरलेल्या प्रत्येक किरणाचा मूळ रंग कायम राहतो. १९२८ मध्ये कोलकात्यास रामन व के. एस. कृष्णन यांना जे आढळले ते निराळेच होते. विखुरताना प्रकाशाच्या अत्यल्प भागाचा रंगच बदलत होता. त्याच वर्षी मॉस्को येथे लँड्सबर्ग व मांडेलश्टाम यांनाही हाच प्रकार दिसला, आणि तो दिसला क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्याच स्फटिकात.

रंग का बदलतो? स्फटिकातील अणू ठरावीक जागी बसलेले असले तरी ते स्वस्थ नसतात, सतत थरथरत असतात. या कंपनांची ऊर्जा वाटेल तेवढी कमी-अधिक होत नाही. ती ठरावीक मापाच्या पुंजांनीच वाढते वा घटते, जसे सुटे नसलेल्या दुकानदाराशी बंद्या रुपयांतच व्यवहार करावा लागतो. प्रकाशकणाने स्फटिकाला एक पुंज दिला तर त्याची स्वतःची ऊर्जा घटते व तो तांबड्या बाजूस सरकतो. स्फटिकाकडून एक पुंज घेतला तर तो जांभळ्या बाजूस जातो.

हिरव्या लेसरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर असते. गारगोटीवर तो टाकला असता तिच्या सर्वांत ठळक कंपनामुळे ५४५.५ व ५१९.२ नॅनोमीटरवर दोन नव्या रेषा उमटतात. नेहमीच्या तापमानास दुसरी रेषा पहिलीच्या सुमारे अष्टमांश तेजाची असते. आता तोच खडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंत थंड केला, की दुसरी रेषा जवळजवळ नाहीशी होते, पहिली मात्र टिकून राहते. थंड स्फटिकाजवळ देण्याजोगा पुंजच उरलेला नसतो, परंतु घेण्यास तो केव्हाही तयार असतो. पुंज सिद्धांताची याहून सुटसुटीत साक्ष मिळणे कठीण.

हे विखुरणे इतके क्षीण असते की कोट्यवधी प्रकाशकणांत एखाद्याच्याच वाट्यास ते येते. म्हणून पूर्वी पाऱ्याच्या दिव्यापुढे तासन्‌तास छायाचित्रपट्टी उघडी ठेवावी लागे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला, तोही माणकाच्या स्फटिकापासून. एकरंगी व प्रखर अशा या प्रकाशाने तासांचे काम काही सेकंदांवर आणले.

याच मार्गाने पुढे गेलेले काम महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, प्राध्यापिका कस्तुरी साहा यांच्या प्रयोगशाळेत चालते. तेथील स्फटिक हिऱ्याचा असतो. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसला व त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर तेथील इलेक्ट्रॉनांचे परिवलन हिरव्या लेसरने वाचता येते. असा दोष हिरव्या प्रकाशात तांबडा उजळतो. सेकंदाला सुमारे २८७ कोटी आवर्तनांचे सूक्ष्मतरंग दिले की तो मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असल्यास हा आकडा सरकतो, आणि किती सरकला त्यावरून क्षेत्र मोजता येते. सामान्य तापमानास हे घडते, हा मोठाच लाभ. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्यातील संवेदन व मापन या विषयांचे केंद्र याच संस्थेत आहे.

खेड्यातील शाळेत रामन रेषा दाखविणे शक्य नाही, कारण त्यासाठी वर्णपटमापक लागतो. गारगोटी मात्र वर्गात आणता येते. तिच्यावर बाजारातील हिरवा लेसर टाकून दाखवावयाचा मोह होईल, तो टाळावा. स्फटिकाचे पैलू आरशासारखे असतात, आणि उलटून आलेला किरण मुलांच्या डोळ्यांस कायमची इजा करू शकतो. आकृती, दोन रेषांचे आकडे व हातात घेतलेला खडा एवढ्यावर हा तास उत्तम होतो.