खारघरहून परदेशी: कामाच्या ओळखींसाठी कोणती साइट धरावी

कामधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या साइट डझनावारी असल्या, तरी परदेशी नव्याने जाणाऱ्याला त्यांतल्या दोन पुरतात. एक म्हणजे त्या देशातले मालक जिच्यावर माणसे शोधतात ती, आणि दुसरी आपल्या पेशातले लोक जिथे एकमेकांचे काम पाहतात ती. ‘सगळीकडे खाते उघडून ठेवा, काय बिघडते?’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये. दोन नोकऱ्यांपूर्वीचा हुद्दा दाखवणारे अर्धवट खाते असण्यापेक्षा खाते नसलेले बरे.

पुढील माहिती खारघर, बेलापूर, पनवेल या पट्ट्यातून जाऊन बाहेर स्थिरावलेल्या कुटुंबांनी दिलेली आहे. आखातातून आणि जर्मनीतून भरभरून आले, ऑस्ट्रेलियातून चार ओळी. त्यामुळे सगळ्या देशांना सारखी जागा मिळालेली नाही.

सुरुवात बहुतेकांची नोकरी डॉट कॉमवर झालेली असते. इन्फो एज कंपनीची ही साइट 1997 पासून चालू आहे आणि तिने लावलेल्या सवयी परदेशात आड येतात. रोज सकाळी मथळ्यातला एखादा शब्द बदलून खाते ताजे दाखवणे, ‘इमिजिएट जॉइनर’ लिहिणे, सध्याचा पगार आणि नोटीस पिरियड आधीच सांगून टाकणे, हे सगळे भारतीय रिक्रूटरसाठी. लंडन किंवा टोरांटोच्या मालकाला त्यात रस नसतो. वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती असलेला बायोडेटा तर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या तिन्ही देशांत उलट अडचणीचा ठरतो. भेदभावाचा आरोप नको म्हणून तिथल्या कंपन्यांना असा तपशील हातातच नको असतो.

लिंक्डइन 2003 मध्ये सुरू झाले, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेतले, आणि बहुतेक देशांत पहिली साइट तीच. मात्र ती नीट मांडावी लागते. राहण्याचे ठिकाण नवी मुंबईच ठेवावे. खोटे ‘दुबई’ लिहिले तर पहिल्याच फोनवर उघडे पडते. त्याऐवजी ‘ओपन टू वर्क’मध्ये हवी ती शहरे टाकावीत, म्हणजे त्या शहरांसाठी माणसे शोधणाऱ्यांना खाते दिसू शकते. तिथेच ‘सर्वांना’ की ‘फक्त रिक्रूटरना’ असे विचारले जाते. चालू नोकरी असेल तर दुसरा पर्याय घ्यावा. तरीही आपल्याच कंपनीच्या माणसाला ते कधीच दिसणार नाही, अशी पक्की हमी लिंक्डइनही देत नाही.

आखाती देश

इथे लिंक्डइनच्या जोडीला बेत डॉट कॉम (दुबई, 2000 पासून) किंवा नोकरी गल्फ यांपैकी एक घ्यावी. खाते भरण्याचा क्रम असा: पासपोर्टवर आहे तसेच नाव; राष्ट्रीयत्व आणि व्हिसाची स्थिती स्पष्ट; चालकाचा परवाना असल्यास त्याचा देश; मग अनुभव. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्यावा. नोव्हेंबर 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीत एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने प्रवेश मिळत नाही, आणि मुलाखतीला जाणारे बरेच जण त्याच व्हिसावर जातात.

साइटवर ओळख झालेला एजंट खरा की खोटा, हे त्या साइटवर कळत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे. तिथे नाव आणि परवाना क्रमांक जुळला तरच पुढे बोलावे. एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्क्याचा पासपोर्ट असेल तर ठरावीक 18 देशांसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतोच, मग ऑफर कितीही गोड असो. 2022 मध्ये थायलंडमधल्या आयटी नोकऱ्यांच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे उघड झाले आणि मंत्रालयाला सूचना काढावी लागली. ती आमिषे समाजमाध्यमांवरूनही आली होती.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड

झिंग ही हॅम्बुर्गची साइट 2003 ची, म्हणजे लिंक्डइनच्याच वयाची. अनेक वर्षे जर्मनभाषक देशांत तिचाच दबदबा होता. 2023 मध्ये तिने आपले गट बंद केले आणि आता ती नोकरी शोधण्याच्या साइटसारखीच उरली आहे. म्युनिकच्या मोठ्या कंपनीत इंग्रजीवर काम करणाऱ्याला तिची गरज नाही. लहान गावातल्या घरगुती मालकीच्या कारखान्यात, जर्मन भाषेतून काम करायचे असेल, तर अजूनही उपयोग होतो. लिंक्डइनवर एकाच खात्याची दुसऱ्या भाषेतली प्रत ठेवता येते, ती जर्मनमध्ये करावी. मात्र बी-1 पातळी नसताना ती कोणाकडून लिहून घेऊ नये, मुलाखत त्याच भाषेत होईल. अर्जावर फोटो लावण्याची पद्धत तिथे अजून आहे, सक्तीची नाही.

नर्स, डॉक्टर, शिक्षक यांच्याबाबत जर्मनीकरांचा सूर कडवट आहे. साइटवर रुग्णालयाची ऑफर पंधरवड्यात येते आणि पदवीच्या मान्यतेचे कागद मात्र महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतात. एका नर्सबाईंना प्रमाणित अनुवाद दोनदा करून द्यावा लागला, कारण पहिल्या वेळचा अनुवादक त्या कार्यालयाच्या मते योग्य देशातला नव्हता. हे आधी सांगायचे मात्र कोणी कष्ट घेतले नाहीत. मेक इट इन जर्मनी या सरकारी पोर्टलवर कोणत्या पेशाला मान्यता लागते ते दिलेले आहे. ओळखी वाढवण्याआधी ते वाचावे.

बाकीचे देश

ऑस्ट्रेलियात सीक, 1997 पासून तीच मुख्य. कॅनडात सरकारी जॉब बँकेवर नजर असावी. सिंगापुरात मायकरियर्सफ्यूचर मुख्यतः स्थानिकांसाठी आहे. एम्प्लॉयमेंट पासवर माणूस आणण्यापूर्वी बहुतेक मालकांना तिथे किमान 14 दिवस जाहिरात द्यावी लागते, एवढे माहीत असले म्हणजे उत्तराला उशीर का होतो ते समजते. ब्रिटनमध्ये कोणाशीही ओळख वाढवण्यापूर्वी सरकारने प्रसिद्ध केलेली परवानाधारक प्रायोजकांची यादी पाहावी. कंपनी तिच्यात नसेल तर तिथला माणूस कितीही भला असला तरी व्हिसा मिळवून देऊ शकत नाही.

अमेरिकेत एच-4 या आश्रित व्हिसावर गेलेल्या बायकांसाठी लिंक्डइन वेगळ्या कामाचे. कामाचा परवाना मिळेपर्यंत नोकरी करता येत नाही, पण पेशातल्या लोकांशी संपर्क ठेवायला बंदी नाही. ही वर्षे ‘हाउसवाइफ’ म्हणून खात्यावर कोरी सोडणाऱ्यांना पुढे जड जाते. केलेला कोर्स, दिलेली परीक्षा त्या त्या वर्षाखाली लिहावी.

पेशाची साइट

खारघरपुरते बोलायचे तर सेक्टर 4 मधल्या निफ्टमधून शिकलेल्यांनी बिहान्सवर काम मांडावे. ॲडोबीने 2012 मध्ये घेतलेल्या या साइटवर बारा अर्धेमुर्धे प्रकल्प टाकण्याऐवजी कच्च्या आराखड्यापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत पूर्ण दाखवलेले तीन ठेवावेत. टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये संशोधन केलेल्यांना संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक सर्वांत आधी हवा; रिसर्चगेट त्यानंतर, आणि तिथे प्रकाशकाच्या मालकीचा पीडीएफ चढवू नये. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी गिटहब. कॉलेजच्या ‘मिनी प्रोजेक्ट’ची नक्कल तिथे ठेवण्यापेक्षा चालणारी एकच गोष्ट, कशी चालवायची त्याच्या टिपणासह, जास्त बोलते. वकील, शिक्षक, सीए यांच्याबद्दल कोणी लिहून पाठवले नाही.

मराठी ओळखी

लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चे. गणपती आणि दिवाळीत तिथे भेटणारे लोक कोणत्याही साइटवरच्या ओळखीपेक्षा लवकर फोन उचलतात. जुन्या कुटुंबांची तक्रार अशी, की नवे लोक मंडळात फक्त रेफरल मागायला येतात आणि नोकरी लागली की आरतीलाही दिसत नाहीत. तक्रार रास्त आहे. आधी दोन कार्यक्रमांना खुर्च्या लावाव्यात, मग सीव्ही पाठवावा.

नाव छाटण्यावरही त्यांचा राग आहे: हृषीकेशचा ‘रिषी’ आणि ज्ञानेश्वरीचा ‘जिया’ करू नये, मुले तेच उचलतात. हे मत झाले; पण सोय अशी, की लिंक्डइनच्या मोबाइल ॲपवर नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत स्वतःच्या आवाजात नोंदवता येतो. नाव पूर्ण ठेवून तो नोंदवावा. वडिलांचे किंवा नवऱ्याचे मधले नाव पासपोर्टवर नसेल तर मात्र खात्यावर नको. तिथे ते दुसरे आडनाव समजले जाते.

निघण्याआधी

खाती कंपनीच्या ईमेलवर असतील तर राजीनाम्याआधी स्वतःच्या ईमेलवर वळवावीत. भारतीय सिम बंद पडले की ओटीपी येणे थांबते आणि खाते परत मिळवायला ओळखपत्रांचा पत्रव्यवहार सुरू होतो; पासपोर्टवरचे नाव आणि खात्यावरचे नाव वेगळे असेल तर तो लांबतच जातो. म्हणून विमानात बसण्यापूर्वी लॉगइन ऑथेंटिकेटर ॲपवर घ्यावे, बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्यावेत आणि सिम किमान रिचार्जवर वर्षभर चालू ठेवावे.